अंशकाका

हायवेवरून कामणकडे रस्ता वळतो त्या चिंचोटी फाट्यावर पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्याची वाट विचारणारी पोरं हमखास भेटतात. कुणी त्यांना सरळ जा म्हणतं, कुणी पोलीस आहेत, परत फिरा म्हणतं. अंशकाका आधी विचारतात, "तुझं तोंड कुठे आहे?" पोरगं बावचळून स्वतःच्या तोंडाला हात लावतं. "तसं नव्हे रे. उत्तरेला आहे ना? मग उजवीकडे साठ अंश फिर." पोरगं मान डोलावतं आणि शेजारच्या वडापावच्या गाडीवर जाऊन पुन्हा पहिल्यापासून विचारतं.

त्यांचं खरं नाव वीजबिलावर असेल, पण पोस्टमनसुद्धा "अंशकाका आहेत का?" अशीच हाक मारतो. शाफ्ट किती फिरला हे सांगणं, हा त्यांचा धंदा. ऐकणाऱ्याला वाटतं, यात धंदा कसला? पण पॅकिंग मशीनमध्ये कागद कधी सरकायचा, जबडा कधी मिटायचा, पातं कधी खाली यायचं, ही सगळी वेळ एका फिरत्या शाफ्टच्या कोनावर बांधलेली असते. कोन चुकला की बिस्किटाच्या पुड्यावर 'बि' एकीकडे आणि 'स्किट' दुसरीकडे. असे पुडे घेऊन हताश मालक काकांच्या गाळ्यात येतात. पुडे आम्ही खातो.

काका शाफ्टच्या टोकाला सुपारीएवढा लोहचुंबक चिकटवतात आणि त्याच्यासमोर एक चिप बसवतात; हा त्यांचा एन्कोडर. चुंबक फिरला की चिपमधून दोन लहरी निघतात, एक साइन, एक कोसाइन. सेकंदाला हजारो वेळा त्या वाचायच्या आणि गणित करून कोन काढायचा. बारा बिटांची चिप एका फेऱ्याचे ४,०९६ भाग करते. म्हणजे अंशाच्या अकराव्या हिश्श्याहून बारीक. "पण दोन लहरी कशाला, काका? एक पुरत नाही?" असं मी एकदा विचारून बसलो. "साइन म्हणाली अर्धा, तर कोन तीस असेल नाहीतर दीडशे. एका साक्षीदारावर निकाल देशील? कोसाइनला उभी कर. अधिक निघाली तर तीस, उणे निघाली तर दीडशे."

हा न्याय पुढे इमारतीतल्या भांडणातही लागला. कुणाच्या स्कूटरला ओरखडा पडला होता आणि तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं साक्षीला आलं. काकांनी दोघांचीही साक्ष फेटाळली. "हे दोघं एकाच फेजमध्ये आहेत. साक्षीदार एकमेकांना काटकोनात पाहिजेत." त्यातली बायको म्हणाली, "काका, एक दिवस आमच्या घरी येऊन बघा."

चिपच्या त्या दोन लहरी एकमेकींसमोर मांडल्या आणि त्यांची उंची सारखी नसली, की पडद्यावर वर्तुळाच्या जागी अंडं उमटतं. श्रावणातही काकांसमोर अंडं असतं, आणि ते गोल झाल्याशिवाय काका डबा उघडत नाहीत.

माझ्या वाढदिवसाला गाळ्यात केक आणला. माणसं सात. सुरी काकांच्या हातात गेली ही आमची चूक. ३६० ला सातने भाग जात नाही म्हणून ते थबकले, आणि आठवा माणूस शोधायला बाहेर पडले. पंधरा मिनिटांनी वॉचमनला घेऊन आले. "आता पंचेचाळीस!" तोवर केकवरचं क्रीम उतरून डब्याच्या तळाशी बसलं होतं.

त्यांच्याकडे एक नवा इंजिनिअर पोरगा लागला. हुशार. रीडिंग थरथरतंय म्हणून त्याने लागोपाठच्या आकड्यांची सरासरी घ्यायला लावली. शाफ्ट शून्याच्या आसपास डुलत होता. एक रीडिंग ३५९ अंश आलं, पुढचं १ अंश. त्यांची सरासरी १८०! पातं बरोबर अर्ध्या फेऱ्यावर जाऊन आपटलं. पोरगा म्हणे, "सर, गणित बरोबर आहे." काका ओरडले नाहीत. स्टूल ओढून बसले. "तुझ्याकडे दोन पाहुणे आले. एक रात्री २३:५५ ला, दुसरा ००:०५ ला. सरासरी काढून तू दुपारी बाराला पानं वाढलीस. पाहुणे मध्यरात्री उपाशी झोपले." मग सांगितलं, कोनांची सरासरी काढायचीच नाही, साइनची वेगळी काढ, कोसाइनची वेगळी काढ, आणि त्या दोन सरासऱ्यांवरून कोन काढ. पोरग्याने तसं केलं. तेव्हापासून कुणाचा अंदाज साफ उलटा निघाला, की आमच्या गाळ्यात "पाहुणे उपाशी" म्हणतात.

सरासरीचा खरा त्रास पण काकांनाच जडलाय. सोळा रीडिंगची सरासरी घेतली की थरथर जाते, पण उत्तर जरा उशिरा येतं. काका स्वतःही सोळा रीडिंग घेतात. विनोद सांगितला की ते गंभीर चेहऱ्याने बघत राहतात. विषय बदलतो, कुणीतरी जूचंद्रच्या कुणाच्या दशक्रियेचं सांगू लागतं, आणि नेमके तेव्हा काका खो खो हसतात.

एका बाबतीत मात्र उशीर नाही. त्यांच्या लेथवर एकही ट्यूब एकटी पेटत नाही. जोडीला दुसऱ्या फेजवरची दुसरी असतेच. चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. तीन जबड्यांचा चक मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरत असला, तर सेकंदाला शंभर जबडे त्याच जागेवरून जातात आणि गरगरणारा चक थांबल्यासारखा दिसतो. माणूस हात घालतो. हे सांगताना काका डाव्या हाताची बोटं मुठीत घेतात. चार आणि थोडं आहेत.

विज्ञान दिनाला ते आम्हाला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण दाखवायला घेऊन गेले. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आकाशाकडे तोंड करून बसलेल्या. लोक तिथे ताऱ्यांबद्दल विचारत होते. काकांनी विचारलं, "सारखं एकाच बाजूला फिरलं तर केबली पिळत नाहीत?" तिथला माणूस खुलला. तबकडीला ठरावीक मर्यादेपुढे जाता येत नाही, उलट फिरून यावं लागतं, म्हणून कोनाबरोबर फेरेही लक्षात ठेवावे लागतात, असं तो अर्धा तास सांगत होता. परतताना माळशेज घाटात काका वळणांचे अंश मांडत बसले, उजवं अधिक, डावं उणे. घाट उतरल्यावर वही मिटली. "बेरीज जवळपास शून्य. उगीच फिरलो."

आता त्यांच्या आजोबांच्या रहाटाची गोष्ट. काका मूळचे वसईच्या बागायतीतले. "रहाटाला खटका होता, चाक उलटं फिरू नये म्हणून. दात्यावरून घसरला की कट्. आजोबा ओट्यावर डोळे मिटून कट् मोजायचे. पाणी किती गेलं, रेडा कुठवर आला, सगळं कळायचं. आपला पहिला एन्कोडर! तर एके दुपारी तो रेडा..." इथे फोन वाजतो किंवा वीज जाते. साधा एन्कोडर फक्त टिचक्या मोजतो; वीज गेली की मोजलेलं पुसलं जातं, आणि मशीन पुन्हा होमला, म्हणजे शून्याच्या जागी, न्यावं लागतं. आमच्या मशिनांचं होमिंग रोज सकाळी होतं, काकांचं दर व्यत्ययाला. चार वर्षांत तो रेडा विहिरीभोवती १२० अंशांपलीकडे गेलेला नाही.

जुलैमध्ये हायवेवर पाणी भरलं, वीज चार तास नव्हती, फोन मेले. आम्ही खोक्यांवर बसलो. मी म्हटलं, "काका, एके दुपारी तो रेडा, इथवर झालंय."

"मध्येच कसं सुरू करू? शून्य कुठे आहे ते नको?"

पहिल्यापासून झालं. रहाट, खटका, ओटा. एके दुपारी रेडा थांबला, कट् बंद झालं, आजोबांनी एक डोळा उघडला... आणि वीज आली. कॉम्प्रेसर धडधडला. "होम घ्या रे आधी!" करत काका आत धावले. वीस मिनिटांनी हात पुसत आले.

"कुठे होतो आपण?"

"रेडा थांबलाय, काका. आजोबांनी डोळा उघडलाय."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी मनात सोळापर्यंत मोजलं.

"हां. तर आमच्या आजोबांचा एक रहाट होता."