वात्रट पोरांची गल्ली

शार्ल मेर्यों आधी फ्रेंच नौदलात होता; पार न्यूझीलंडपर्यंत जाऊन आला. मग चित्रकार व्हायचं मनात घेतलं, तर डोळ्यांना रंगच नीट ओळखू येईनात. त्याने रंगांचा नाद सोडला आणि तांब्याच्या पत्र्यावर सुईने पॅरिस उतरवायला घेतलं. १८५४ सालचं त्याचं एक एचिंग आहे, तळहाताएवढं: ‘रु दे मोव्हे गार्सों’. म्हणजे वात्रट पोरांची गल्ली. पत्र्या मारुती आणि खुन्या मुरलीधराला हात जोडत लहानाचा मोठा झालेल्या पुणेकराला हे नाव अगदी घरचं वाटतं.

एचिंगमध्ये उजेड काढता येत नाही. पत्र्यावर मेणाचा थर, सुईने तो खरवडायचा, मग आम्लात बुडवायचं. उघड्या रेघेतलं तांबं आम्ल खातं आणि त्या खाचेत शाई बसते. चित्रकाराच्या हाती फक्त काळोख. उजेड म्हणजे जिथे सुई फिरकलीच नाही, तो कोरा कागद. आमच्या बोळातलं ऊनही असंच, दोन्हीकडच्या वाड्यांच्या हातून सुटलेलं. दुपारी बाराला पंचाएवढी पट्टी खाली उतरायची आणि तिच्यावर आत्याच्या सांडग्यांचा हक्क असायचा. ऊन सरकेल तसं ताट सरके. ताटामागून राखणीला मी.

ड्रॉइंगचे मास्तर सांगत, समांतर रेषा लांबवर जाऊन एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात. दिसतात कसल्या! आमच्याकडे प्रत्येकाने आपला ओटा वीतवीत पुढे घेतला होता, त्यामुळे बोळाच्या टोकाला त्या खरंच मिळत होत्या. सायकल नेणाऱ्याला विचारा.

परवा आत्याला मेर्योंचं चित्र दाखवलं. तिने भिंग घेतलं. उंच भिंती, गज लावलेल्या खिडक्या, दाराआडचा गडद अंधार, हे सगळं तिने ओळखीच्या घरातून चालत जावं तसं ओलांडलं आणि कुजबुजत चाललेल्या दोन बायकांपाशी थांबली. “कुणाबद्दल बोलतायत गं या?” असं त्यांनाच विचारलं. मग मला म्हणाली, “नाव काय म्हणालास?”

मी सांगितलं.

“मग पोरं कुठायत?”

मी पुन्हा पाहिलं. खरंच, पोर एकही नव्हतं. इतक्या वर्षांत रेषा पाहिल्या, काळोख पाहिला, हे काही दिसलं नव्हतं.

“येतील,” भिंग पदराला पुसत आत्या म्हणाली. “ताटं मांडली की येतात बरोबर.”