फ्रिजची उबदार निवृत्ती

बंद पडलेला फ्रिज भंगारात न देता त्यात अंडी उबवणाऱ्या गृहस्थांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झालाच पाहिजे. ज्याने उभ्या हयातीत अंडी गार ठेवली, त्याच्याकडूनच ती उबवून घ्यायची, याला म्हणतात पुनर्वसन! आत 60 वॅटचा बल्ब, थर्मोस्टॅट, कॉम्प्युटरचा जुना पंखा आणि पाण्याची वाटी. तापमान साडेसदतीस अंश, मुदत 21 दिवस. अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलने फुली, दुसऱ्या अंगाला गोल. दिवसातून निदान तीनदा त्याची कूस बदलायची. रात्री वीज गेली, की सगळे कुटुंब गोधड्या घेऊन फ्रिजला वेढा घालते. एरवी एकत्र जेवायलाही न बसणारे!

शासनाने आता घरोघरी रात्रपाळीचा उबवणी अधिकारी नेमावा, इन्व्हर्टरला अनुदान द्यावे आणि खुडूक कोंबडीला तातडीने अपात्र ठरवावे. तिच्याकडे ना थर्मोस्टॅट, ना वीजजोडणी, ना कसला अनुभवाचा दाखला. टोपलीभर पेंढ्यावर बसून ती हेच काम, तेवढ्याच 21 दिवसांत, राजरोस विनापरवाना उरकते. वर पिल्लेही स्वतःच सांभाळते. आणि भारनियमनाची तिला अजून खबरच नाही.