श्वास सापडत नाही!

दिल्लीला भाचीचं लग्न ठरलं आणि मी विमानाने जाणार हेही ठरलं. माझ्या फुप्फुसांना कोणी विचारलं नव्हतं. तरुणपणी मी त्यांना सिगारेटच्या धुरात मुरवलं, त्याचं उट्टं ती आता रोज काढतात.

डॉक्टर म्हणाले, "विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा सात-आठ हजार फुटांवरच्याइतकी विरळ असते. ऑक्सिजन २१ टक्केच, पण दाब कमी. शरीराला तो जमिनीवरच्या १५ टक्क्यांएवढाच वाटतो." कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. मित्र वर चढले तेव्हा मी खाली बारी गावात चहा पीत बसलो होतो. आता पट्टा बांधून, बसल्या जागी, मी कळसूबाईच्याही वर जाणार! फक्त हा पराक्रम नाकात नळी घालून करायचा होता.

घरचा सिलिंडर विमानात चालत नाही. म्हणून पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणला. हे यंत्र आजूबाजूचीच हवा ओढतं, त्यातला नायट्रोजन झिओलाइटच्या दाण्यांत अडवतं आणि ऑक्सिजन आपल्याला देतं. हे सगळं मी विमान कंपनीच्या बाईंना फोनवर तब्येतीत समजावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे सिलिंडरच ना, सर?"

मग वैद्यकीय फॉर्म आला. त्यात एक प्रश्न असा, की या रुग्णाच्या अवस्थेमुळे सहप्रवाशांना त्रास होण्याची शक्यता आहे का? डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं. हिने तो फॉर्म दोनदा वाचला. "अहो, डॉक्टरांनी तुमच्याशेजारी बसून कधी प्रवास केलाय का?"

बॅटरीच्या हिशेबाने मात्र माझ्यातला निवृत्त कारकून जागा झाला. लिथियमच्या जादा बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्यायच्या, त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, आणि शंभर वॉट-अवरच्या वरची असेल तर कंपनीची परवानगी काढायची. १४.४ व्होल्ट गुणिले ६.८ अँपिअर-अवर, म्हणजे ९७.९२. काठावर पास! शिवाय प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढा साठा हवा. यंत्राच्या पत्रकावरचे बॅटरीचे तास वाचून मी खूश होतो. ते तास यंत्र 'एक'वर ठेवलं तरचे. मला डॉक्टरांनी 'तीन' सांगितलेलं.

तेव्हा तालीम घ्यायची ठरवली. दुपारी जेवण झाल्यावर हॉलमधल्या खुर्चीत नळी लावून बसलो, यंत्र पायाशी ठेवलं. हिला हवाईसुंदरी व्हायला सांगितलं. तिने पाण्याचा तांब्या टीपॉयवर आदळून ती भूमिका संपवली. यंत्र फुस्स, फुस्स करत होतं. आपण नाकाने श्वास घेतला की ते ओळखतं आणि तेवढ्यापुरता ऑक्सिजन सोडतं. फार हुशार यंत्र. पण वरणभातानंतर मी तोंड उघडं टाकून झोपतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

नाकातून श्वास येईना, तेव्हा त्याने जोरजोरात बोंब ठोकली. पडद्यावर इंग्रजीत सूचना झळकली, श्वास सापडत नाही. ही स्वयंपाकघरातून धावली, समोरच्या काकू लाटणं हातात घेऊनच आल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या एका उत्साही गृहस्थांनी लिफ्ट धरून ठेवली. मी घोरत होतो, म्हणजे जिवंत असल्याचा पुरावा अख्ख्या जिन्यात ऐकू जात होता. तरी सगळ्यांचा विश्वास यंत्रावर.

"विमानात झोपायचं नाही," हिने फर्मान काढलं.

सीट निवडताना मी पाय पसरायला संकटकालीन दाराजवळची जागा मागितली. ऑक्सिजनवाल्यांना ती मिळत नाही, आणि दुसऱ्यांची वाट अडू नये म्हणून यंत्रासकट खिडकीशी बसायचं. यंत्र समोरच्या सीटखाली ठेवायचं, त्याच्या जाळ्या झाकायच्या नाहीत. बॅटऱ्या पिशवीत, पिशवीही खालीच. यंत्राची सोय लागली. माझे पाय कुठे ठेवायचे, एवढंच त्या बाईंना विचारायचं राहिलं होतं. पुन्हा फोन लावला.

"पाय तुमचेच आहेत ना, सर?"