बर्फवाल्या ट्रकदादांना अनावृत पत्र

ट्रकदादा,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, मंगळवारी पहाटे माझी सव्वा तासाची मशागत तुम्ही चाळीस सेकंदांत गाडून टाकलीत, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. त्या वेळी मी तोंडावर पडलो होतो आणि तोंडात बर्फ होता.

सायकलच्या मागे दोन फळ्या बांधून अंधारात फिरणारा जो वेडा तुम्हाला दिसतो, तो मी. मूळचा माण तालुक्यातला. तिथे पाऊस पडायची मारामार. इथे मिनेसोटात पाणी गोठून दाराशी हातभर साचतं आणि ढकलायलाही माणूस मिळत नाही. घरापुढचा फुटपाथ साफ केला नाही तर आपल्याला नोटीस येते. सायकलच्या पट्ट्याला मात्र कोणीच वाली नाही. म्हणून नांगर केला.

नांगर म्हणजे खरं तर कुळवच. आठ इंची दोन फळ्या, पुढे बिजागरीनं जोडून केलेलं टोक, आणि खाली पास म्हणून जुन्या पलंगाची लोखंडी पट्टी. बर्फ चिकटू नये म्हणून आतून-बाहेरून मेणबत्ती घासली. आधी दोरीनं ओढून पाहिला, तर ब्रेक दाबताक्षणी तो मागून येऊन चाकावर आदळला. मग दोरीच्या जागी पाइप लावला आणि तो सीटखालच्या दांड्याला बांधला. ओढ वरून बसल्यामुळे नांगर नाक वर करून बर्फावरून होडीसारखा निघाला. शेवटी मागच्या चाकाच्या आसालाच जोडला, तेव्हा कुठे पास जमिनीला लागली. वजन कमी पडत होतं. आमच्याकडे कुळवावर पोरं उभी करतात. माझी पोरगी तेरा वर्षांची आहे आणि तिनं माझ्याबरोबर दिसायलाच नकार दिलाय. म्हणून सोना मसुरीची वीस पौंडी गोणी ठेवली. गोणीवरून घरात जे झालं त्याचा या पत्राशी संबंध नाही.

तुमच्या राज्याचं रस्तेखातं बर्फाच्या ट्रकांना नावं ठेवायला लोकांची मतं मागवतं. 2021 साली ‘प्लाउई मॅकप्लाउफेस’ निवडून आला, पुढच्या वर्षी ‘बेटी व्हाइटआउट’. बारशाचा एवढा उत्साह बघून मीही नाव ठेवलं. सायकल सर्जा. जोडीतला राजा मीच.

तर सर्जा-राजानं मंगळवारी साडेतीनपासून स्टेशनपर्यंतचा पट्टा साफ केला. बर्फ चार इंच. पुढचं चाक आधी त्याच बर्फात रुततं, कारण नांगर मागे असतो. हे लक्षात यायला मला एक अख्खा हिवाळा लागला, हसू नका. टायरला खिळे होते म्हणून निभावलं. काळाभोर डांबरी पट्टा दिसला आणि, खरं सांगतो, पेरणी आटोपल्यासारखं वाटलं.

आणि मग तुम्ही आलात. दहा-बारा फुटांचं पातं, नारिंगी दिवा, धडधड. रस्त्याच्या मधला सगळा बर्फ, त्यातली नारळाएवढी ढेकळं आणि मिठाचा राबडा माझ्या पट्ट्यात ओतून पुढे गेलात. मागे राहिला तो गुडघ्याएवढा बांध. दादा, आमच्याकडे वीतभर बांध कोरला म्हणून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात. तुम्ही अख्खा बांधच माझ्या वावरात आणून घातलात! मी परतताना त्याच्यावर चढलो. नांगर माझ्याही वर चढला.

सायकलचा पट्टा आधी साफ करणं जगात कुठेच होत नाही म्हणावं, तर कोपनहेगनमध्ये सायकलचे रस्ते मोटारींच्या आधी साफ होतात. स्वीडनच्या कार्ल्सकोगा गावानं पायवाटा आणि सायकलवाटा पहिल्या धरल्या. हिवाळी सायकलस्वारांची जागतिक परिषद 2013 मध्ये फिनलंडच्या ओलू शहरात सुरू झाली, आणि 2016 साली तिचा मांडव आपल्या शेजारी मिनिआपोलिसलाच पडला होता. मांडवाचा वास आपल्या उपनगरापर्यंत आला नाही, एवढंच. अहो, चार इंच बर्फातून मोटार जाते! सायकल जात नाही, बाबागाडी ढकलणारी बाई जात नाही, कुबड्या घेतलेला म्हातारा तर नाहीच नाही. आणि ज्यांना जाता येत नाही, त्यांच्याच वाटेचा तुम्ही उकिरडा करता. लाज नाही वाटत?

...हे मी तुम्हाला तोंडावर बोलणार होतो. पण तुम्ही ट्रक थांबवून खाली उतरलात. डोळे तांबारलेले, हातात गार झालेली कॉफी. मला उठवलंत, मग नांगर उलटा करून टॉर्चनं बिजागरी बघितलीत आणि म्हणालात, ‘फार पसरट झालाय, नाक टोकदार कर.’ मग पात्याकडे बोट दाखवलंत. ते उजवीकडे तिरकं. बर्फ उजवीकडेच पडणार, आणि उजवीकडे कोणीतरी, उबेला बसून, नकाशावर माझ्या पट्ट्याची पांढरी रेघ ओढलेली. रात्रीपासून ट्रकवर आहात, पहिला बर्फ उचलला तिथे पुन्हा पडलाय, म्हणालात. तेव्हा वरचा सगळा मजकूर त्या रेघवाल्या साहेबांनी स्वतःला लावून घ्यावा. तुमच्याकडे मागणं एकच: माझ्या टपालपेटीपाशी दोन सेकंद पातं उचला.

फळ्यांचा कोन कमी केलाय. गुरुवारी आठ इंच सांगितलाय.

कळावे,
आपला, राजा

ता. क. गोणी फाटली. त्या बांधावर अजून तांदूळ पडलाय, खारी रोज येतात. बायकोला मी बर्फात सांडला एवढंच सांगितलंय. कसा, ते तुम्ही सांगू नका.