पापा डेल्टा

नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींत हा गृहस्थ तुम्हाला अजून भेटला नसेल, तर पहाटे तीनला तुम्ही झोपलेले असता म्हणून. एरवी तो चारचौघांसारखाच. उट्रेख्त नाहीतर आम्स्टेलवेनला घर, आयटीत नोकरी, बायकोला वचकून. फक्त गाडीच्या डिकीत गमबूट, टॉर्च, एकात एक सरकणारी लांबलचक काठी आणि यागी अँटेना. हे कशाला, असं विचारलं की म्हणतो, "लागतं."

लागतं ते असं. दे बिल्टच्या हवामान संस्थेतून मध्यरात्रीनंतर फुगा सुटतो. त्याला टांगलेली शंभरेक ग्रॅमची डबी, म्हणजे रेडिओसोंड, तापमान, आर्द्रता आणि स्वतःचा ठावठिकाणा ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदासेकंदाला सांगत वर जाते. तीसेक किलोमीटरवर फुगा फुटतो आणि डबी इवल्याशा पॅराशूटने खाली येते. संस्थेचं काम तिथे संपतं; डबी तिला परत नको असते. ह्याचं काम तिथे सुरू होतं.

"फुटला!" तो अंथरुणातच ओरडतो.

"काय फुटलं? पाइप?" बायको दचकून उठते. लग्नाला पंधरा वर्षं झाली, तरी तिची पहिली शंका पाइपवरच जाते.

तोवर हा जिना उतरलेला असतो.

हा देश सपाट असल्यामुळे सिग्नल दूरवरून मिळतो, पण डबी शेवटच्या दीडदोनशे मीटरांवर आली की तो तुटतो. पुढे अंदाज, चिखल आणि देवाची कृपा. बार्नेफेल्डकडे कोंबड्यांच्या शेडमागे पडली तर नशीब. फेलुवेच्या जंगलात पाइनच्या शेंड्याला लटकली तर काठी अपुरी. बहुधा ती कालव्यातच पडते. पाणी आणि जमीन यांत निवड करायची वेळ आली की या देशातली प्रत्येक वस्तू पाणी निवडते. पश्चिमेचा वारा जोरात असेल तर डबी सरळ जर्मनीत. मग हा सीमेपलीकडच्या शेतकऱ्याला भल्या पहाटे डचमिश्रित जर्मनमध्ये समजावतो, की मी चोर नाही, मला फक्त तुमच्या गाईच्या पायाखालची डबी हवी आहे.

रेडिओवर नुसतं ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो. याने नवशिक्यांची परीक्षा दिली आणि 'पीडी'ने सुरू होणारं नाव मिळवलं. रेडिओवर त्याचा उच्चार 'पापा डेल्टा'. तेव्हापासून मुलांनी 'बाबा' म्हणणं सोडलंय.

सप्टेंबरात डच हौशी रेडिओवाले फुग्याला ट्रान्समीटर बांधून सोडतात आणि गाड्या घेऊन त्याचा माग काढतात. त्याला ते बलूनवरच्या कोल्ह्याची शिकार म्हणतात. नेमके तेव्हाच गणपती. आरती चालू असताना याच्या एका कानात इअरफोन असतो आणि 'घालीन लोटांगण'ला स्वतःभोवती फिरताना तो मध्येच पूर्वेकडे तोंड करून थांबतो. भटजींना वाटतं, भाव दाटून आला.

वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाबाचा पट्टा तुमच्या डाव्या हाताला, हा बाइस बॅलॉटचा नियम तो पाहुण्यांना गच्चीत उभं करून शिकवतो. याच बाइस बॅलॉटने १८५४ साली डच हवामान संस्था काढली, हे सांगेपर्यंत वडे गार होतात.

मी मात्र त्याच्या बाजूचा आहे. इथे डॉक्टर, न्हावी, सख्खा मित्र, सगळे आधी वेळ ठरवून भेटतात. वेळ न ठरवता येणारी एवढी एक डबीच आहे, आणि हा तिला घ्यायला जातो. घरी आणून करतो काय? कपाटात ठेवतो. कपाट भरलंय.

तुम्हाला कधी शेतात दोरीला बांधलेली पांढरी डबी दिसली तर घाबरू नका, बॉम्ब नाही. पोलिसांना बोलावण्याआधी पाच मिनिटं थांबा. गमबूट घातलेला एक मराठी माणूस धापा टाकत येईल, त्याला ती देऊन टाका. फक्त चहाला बोलावू नका.