दानदेश काही चालला नाही

जळगावच्या सराफ बाजारातलं राजमल लखीचंद १८५४ सालचं. त्यांनी स्वतःला ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणवलं तर कोण हरकत घेणार? पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या पोरानेही पाटीवर सोनेरी अक्षरांत ‘एस्टॅब्लिश्ड २०२२’ रंगवून घेतलंय. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘‘काका, सन टाकला की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.’’

या शब्दाने आमच्याकडे बरीच कामं अंगावर घेतली आहेत. लग्नाच्या बायोडाटात मुलगा एस्टॅब्लिश्ड असतो, म्हणजे पुण्यात फ्लॅटचे हप्ते फेडत असतो. निवडणुकीत त्याचं मराठीकरण होतं. उमेदवार प्रस्थापितांविरुद्ध दंड थोपटतो आणि ते प्रस्थापित बहुधा त्याचे सख्खे काका निघतात.

खरं मुरलेलं जे आहे त्याला पाटीच नसते. खान्देशच घ्या ना. १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकला आणि मुलगा दानियालच्या नावावरून या मुलखाचं नाव ठेवलं ‘दानदेश’. साक्षात बादशहाचा हुकूम, नामांतर समितीचा ठराव नव्हे! तरी लोकांनी काही मनावर घेतलं नाही. इंग्रजांनी १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळं निघालं. आज खान्देश नावाचा जिल्हा सरकारदरबारी शोधून सापडायचा नाही. पुण्यात मात्र भूक लागली की ‘खान्देशी शेवभाजी’ची पाटी दिसतेच. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं, याचा सगळ्यांना अभिमान. पण रिक्षावाल्याला सांगताना तोंडातून अजून जुन्या ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठा’चं ‘उमवि’च जातं.

आणि भरीत. त्याचं स्थापना वर्ष विचारायचा धीर मला नाही. थंडी पडली की मळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटतो, हिरवी-पांढरी दांडगी वांगी त्यात काळी होईपर्यंत लोळतात, सोलली की धूर डोळ्यांत जातो. मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात आखडता न घेता तेल. सोबत कळण्याच्या पुऱ्या. या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही बातमी वांगं भाजणाऱ्यांपर्यंत कोणी पोचवली की नाही, देव जाणे.

गेल्या हिवाळ्यात आमचा एस्टॅब्लिश्ड भाचा पुण्याहून येताना किलोभर टोमॅटो घेऊन आला. तिकडे म्हणे एका फार नावाजलेल्या ठिकाणी भरितात टोमॅटो घालतात. धुळ्याचे तात्या जाळाजवळ बसले होते. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

‘‘मंग हाई भरीत नही शे, भो.’’

टोमॅटो पिशवीतच राहिले. दुसऱ्या दिवशी बहिणीने त्यांची कोशिंबीर केली. तात्यांनी तीही खाल्ली नाही.