प्लग शॉर्ट झाला जी!

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की गावाचं नाव विचारण्याआधी एक प्रश्न येतो: घाटावरचे की घाटाखालचे? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. पीकपाणी, बोलीचा हेल, सोयरिकी या सगळ्यांत हा घाट आडवा येतो. टू-स्ट्रोक गाडीचा स्पार्क प्लगसुद्धा ही विभागणी पाळायचा. घाट चढताना त्याची कधी तक्रार नसे. घाट उतरला की मात्र तो हमखास रुसायचा.

उदाहरणादाखल नव्वदच्या दशकातले जिल्हा परिषद शाळेचे कुठलेही गुरुजी घ्यावेत. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघाले की राजूर घाटाच्या तोंडाशी त्यांचा काटकसरी स्वभाव जागा होई. उताराला पेट्रोल कशाला जाळायचं? काही जण गाडी न्यूट्रल करून सोडत. जास्त हिशेबी मंडळी गिअर तसाच ठेवून फक्त चावी बंद करत, म्हणजे ब्रेकचे लायनरही वाचतात. इथेच खरा घोटाळा होता. चावी बंद झाली तरी चाक इंजिनाला फिरवत असतं. पिस्टन वरखाली होतो, कार्बोरेटरातून तेलमिश्रित पेट्रोल थोडंथोडं ओढत राहतो आणि ठिणगी मात्र नसते. अख्खा घाटभर प्लगला तेलाचं अभ्यंगस्नान घडतं. खाली पोचल्यावर गुरुजींनी चावी फिरवली की सायलेन्सरमध्ये साठलेल्या न जळलेल्या वाफेचा एकच बार उडे, रस्त्याकडेची म्हैस दोर तोडे आणि त्यानंतर गाडी गप्प. मग किक. पुन्हा किक. मग चोक ओढून किक, म्हणजे आधीच भिजलेल्याला आणखी एक बादली.

मोताळ्याच्या अलीकडे टपरीत बसलेला मिस्तरी हा बार ऐकूनच पाना हातात घेत असणार.

“काय झालं जी गुरुजी?”

“अरे, चांगली चालत होती.”

“चालतच होती ना. तुम्ही बंद केली. प्लग शॉर्ट झाला.”

टू-स्ट्रोक इंजिनाची मूळ खोड समजून घेतली तर मिस्तरीच्या बोलण्यात खोट काढता येत नाही. इंग्लंडातल्या जोसेफ डे याने 1891 साली पेटंट घेतलेल्या रचनेतून पुढे घडलेलं हे इंजिन काटकसरीचा नमुनाच आहे. चार फेऱ्यांचं काम दोन फेऱ्यांत उरकायचं, झडपा ठेवायच्याच नाहीत आणि वंगणासाठी वेगळी सोय न करता तेल पेट्रोलमध्येच कालवायचं. क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला तेल पाजून झालं की उरलेलं तेल पेट्रोलबरोबर जळायला जातं. पण तेल काही पेट्रोलइतक्या खुशीने जळत नाही. मागे काजळी उरते, आणि काजळी विजेची उत्तम वाहक असते. प्लगच्या टोकाशी पांढरी चिनी मातीची नळी असते. तिच्यावर काजळीचा थर बसला की काही हजार व्होल्टचा करंट हवेतून उडी मारण्याचे कष्ट घेत नाही. थरावरून सरपटत इंजिनाच्या अंगात निघून जातो. टू-स्ट्रोकमध्ये आणखीही एक गंमत होते. काजळीचा केसाएवढा कण प्लगच्या साधारण 0.6 मिलिमीटरच्या फटीत नेमका आडवा पडतो आणि चालती गाडी भर रस्त्यात थबकते. ब्लेडने तो कण उडवला की गाडी लगेच चालू, आणि मिस्तरीने ‘एवढ्याशा कामाचे’ पैसे मागितले म्हणून भांडणही चालू.

या प्लगचा शोध थोर. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने 1902 साली उच्च दाबाची वीज देणाऱ्या मॅग्नेटोबरोबर तो व्यवहारात चालेल असा सिद्ध केला. त्याच बॉशचं त्या काळचं भारतातलं रूप म्हणजे 1951 साली स्थापन झालेली बंगळूरची मायको. टपरीवर ‘मायको द्या’ म्हटलं की प्लगच मिळायचा.

महाराष्ट्रात टू-स्ट्रोकचं राज्य आलं ते 1972 साली. एकीकडे दुष्काळ, माणसं खडी फोडायला रोजगार हमीवर. दुसरीकडे पुण्याहून बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना एकाच वर्षी बाहेर पडल्या. पुढे बजाजचीच एम-80 आली आणि दुधाचे कॅन, कडब्याची पेंढी, दोन पोरं आणि बायको असा संसार एका सीटवर बसू लागला. 1985 मध्ये यामाहा आरएक्स 100 आली, तिने कॉलेजच्या पोरांना घरातून बाहेर काढलं. या सगळ्यांच्या डिक्कीत, पिशवीत नाहीतर खिशात दोन वस्तू असायच्याच: प्लगपाना आणि जुना प्लग. जुना का? नवा घरी, देवघराच्या कपाटात जपून ठेवलेला.

आता रोगाचं मूळ. प्लग काळा पडायला कंजूषपणाइतकंच प्रेमही कारणीभूत होतं. चेतकला लिटरमागे 20 मिली टू-टी ऑइल पुरे होतं, म्हणजे 2 टक्के. पेट्रोल पंपावर पोऱ्या काचेच्या नळीतून ते मोजून सोडत असे. पण गुरुजींचा जीव कुठला राहतो? ‘आणखी थोडं मार रे, इंजिनाला बरं.’ पाहुण्याला आग्रहाने जिलबी वाढावी तसं तेल वाढलं जाई. इंजिनाला बरं वाटे की नाही ठाऊक नाही, पण पाठीमागे निळ्या धुराचा पडदा पसरे आणि त्यातून मागचा एसटी ड्रायव्हर डोकं बाहेर काढून गुरुजींच्या सात पिढ्यांची चौकशी करी. त्यात गाडी जपून, हळू चालवायची सवय. प्लगचं टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. बाजारपेठेत पहिल्या-दुसऱ्या गिअरात मुंगीच्या पावलांनी फिरणारी गाडी त्या तापमानाला पोचणार कशी? सांभाळून चालवणाऱ्याची गाडी बंद आणि पिरगाळून चालवणाऱ्या टवाळ पोराची ठणठणीत, हा अन्याय गुरुजींना कधीच पटला नाही.

म्हणून जाणत्या मिस्तरीचा उपाय असे: “नवा प्लग नका घेऊ. एकटेच बसा, तिसऱ्या गिअरात घाट चढून जा, मंग सांगा.” चढावर इंजिन दमतं, तापतं, प्लगही तापतो आणि स्वतःला साफ करून घेतो. असा चढ ज्याच्या दाराशी आहे त्याने प्लग विकत घेणं म्हणजे विहीर असून बाटलीतलं पाणी पिणं. पण बिनपैशाच्या औषधावर कोणाचा विश्वास बसतो?

चांगला मिस्तरी प्लग काढला की आधी तो पाहतो, पुसतो नंतर. ओला आणि तेलकट असेल तर तेल जास्त, नाहीतर क्रँकचं ऑइलसील गेलं आणि गिअरबॉक्सचं तेलही आत चाललं. कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर तुंबला किंवा चोक अडकला. पांढराफटक असेल तर कुठून तरी फाजील हवा शिरते आहे, पिस्टन जॅम व्हायच्या आत थांबा. तांबूस-तपकिरी असेल तर प्लगला दोष देऊ नका, दुसरीकडे शोधा. कच्चा मिस्तरी यातलं काही पाहत नाही. तो प्लग पॉलिश पेपरने घासतो, टोपीत खोचून हेडवर टेकवतो, किक मारायला लावतो आणि निळी ठिणगी दिसली की हात झटकतो. ही परीक्षा अर्धीच. उघड्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरात दाबलेल्या दाट वायूत पडेलच असं नाही. तिथे जास्त व्होल्टेज लागतं. टपरीवर पास झालेला प्लग पुढच्या वळणावर नापास होतो तो यामुळे.

त्या काळी पेट्रोलही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. कुणी त्यात रॉकेल मिसळे. शिसंही असायचं, देशभर ते बंद झालं 1 फेब्रुवारी 2000 पासून. काजळी सायलेन्सरमध्येही साचे. मग वर्षाकाठी सायलेन्सर काढून, रॉकेल ओतून तो जाळण्याचा सोहळा होई. शेजारणीचं वाळत घातलेलं धुणं हे या होमाचं नेहमीचं हविर्द्रव्य.

प्लग बंद पडण्याच्या जागांमध्येही उजवंडावं असतं. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचा बोथा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. 205 चौरस किलोमीटरचं हे जंगल अस्वलांसाठी आणि बिबट्यांसाठी प्रसिद्ध. तिथे तिन्हीसांजेला प्लग शॉर्ट झाला की नास्तिक माणूसही ‘गण गण गणात बोते’चा जप सुरू करी, आणि थंड इंजिन, गरम इंजिन असा भेद न करता किक मारी. डिसेंबर 2019 मध्ये तर टिपेश्वर अभयारण्यातून तेराशे किलोमीटर चालत एक वाघ या ज्ञानगंगेत दाखल झाला. त्याला ना चोक लागला, ना प्लग.

अमेरिकेत वाळूच्या डोंगरांवर चार चाकांच्या टू-स्ट्रोक गाड्या उडवणाऱ्यांचंही दुःख हेच. त्यांची यामाहा बान्शी 1987 सालची. पण तिला सिलिंडर दोन, प्लगही दोन. एक शॉर्ट झाला तर दुसऱ्यावर लंगडत घरी जाता येतं. एम-80 वाल्याला ती चैन नाही. तो गाडी ढकलत जातो आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारतो, “काहून, पेट्रोल संपलं काय?”

रस्त्यावरून टू-स्ट्रोक आता जवळपास गेली. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि गुरुजीही चार-स्ट्रोकवर आले. चेतक 2020 मध्ये आणि लुना 2024 मध्ये परत आल्या त्या विजेवर. पण प्लग काही जिल्ह्यातून हद्दपार झालेला नाही. तो रस्ता सोडून शेतात गेला. कपाशीत, सोयाबीनमध्ये पाठीवर घेऊन फिरायच्या पेट्रोलच्या फवारणी पंपात तेच छोटं टू-स्ट्रोक इंजिन आहे. कुठल्या पंपाला लिटरला 20 मिली तेल लागतं, कुठल्याला 40. ते लिहिलेला कागद पहिल्याच दिवशी पावसात भिजतो. मग माप म्हणून बाटलीचं झाकण. हंगाम संपला की टाकीत उरलेलं मिश्रण तसंच ठेवून पंप कोठ्यात. आठ-नऊ महिन्यांत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, कार्बोरेटरात चिकट तेल उरतं. त्यात आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पावसाळी हवेतली ओल धरून ठेवतं. आणि पुढच्या वर्षी नेमकी अळी पडली की दोरी ओढायला सुरुवात. बाप ओढतो, पोरगा ओढतो, पंप खोकतो आणि थांबतो. शेवटी मोटारसायकलवर पंप आडवा बांधून स्वारी मिस्तरीकडे.

मिस्तरी प्लग काढतो, बोट फिरवतो, काळं झालेलं बोट बापाला दाखवतो.

“तेल किती टाकलं भाऊ?”

“दोन झाकणं.”

“कोणत्या बाटलीचं झाकण?”

बाप पोराकडे पाहतो, पोरगा पंपाकडे पाहतो. “मोठ्या,” तो म्हणतो.